फाईलचा अंक

चाकूरकडून नायगावकडं निघालं की मध्ये कुठंतरी हे गाव लागतं. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक चार ओळी न वाचताच भांडायला येतील. वाचायचं नाही आणि भांडायला मात्र पुढं, ही या गावाची जुनी खोड. याच खोडीपायी शेख जिलानी नावाच्या माणसाचं डोकं जन्मभर तापलेलं राहिलं.

जिलानी म्हणजे ‘मन्याड तडाखा’ या साप्ताहिकाचा संपादक, मालक, मुद्रक आणि प्रकाशक. शेवटच्या पानाच्या तळाशी ही चारही पदं ओळीनं छापलेली असत आणि चारहींपुढं एकच नाव. घड्या घालणारी त्याची बायको गौसिया. तिचं नाव कुठंच नसे. अंक वाटणारा तो स्वतः. बाजाराच्या दिवशी सायकलीला पिशवी अडकवून तो दुकानादुकानांत अंक टाकत जायचा, आणि मागच्या आठवड्याचा अंक तसाच घडीबंद दिसला की दुकानदाराला फैलावर घ्यायचा. "वाचायचा नसंल तर घेऊ नका. गल्ल्याखाली अंथरायला छापतो का मी?" दुकानदार हसायचा, शेजारचा हसायचा, चहावाला हातातलं काम टाकून बघायला यायचा. जिलानीभाईचं चिडणं म्हणजे गावाला फुकटचा तमाशा होता.

त्याचे अब्बा जिल्दसाज. शाळेच्या वह्या, कचेरीची दप्तरं, पोथ्या आणि कुराणं, सगळ्यांना एकाच खळीनं पुठ्ठे चिकटवायचे. पुढं त्यांनी हैदराबादहून छपाईची एक जुनी, पायानं चालवायची ट्रेडल मशीन आणली आणि पोराला शाळा सुटल्यावर खिळे जुळवायला बसवलं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. जिलानी वर्गात सुलटं वाचताना अडखळायचा आणि छापखान्यात उलटं घडाघडा वाचायचा. गावातली निम्मी लग्नं त्याच्या हातून छापून गेली. लिंगायतांच्या पत्रिकेवर माथ्याला काय घालायचं, बौद्धांच्या पत्रिकेला कुठली निळी शाई लावायची, कुणाच्या पत्रिकेत कुठल्या मामाचं नाव राहिलं तर भांडण कुठवर जाईल, हे त्याला तोंडपाठ होतं.

पेपर काढला तोही रागातच. एका उन्हाळ्यात गावाच्या नळाला हिरवं पाणी आलं, पोरं आजारी पडली, आणि मोठ्या पेपरांत एक अक्षर आलं नाही. कारण त्याच आठवड्यात पाणी-ठेकेदाराच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात होती. जिलानीनं ती जाहिरात बघितली, अब्बांच्या मशीनवर एक पान छापलं आणि बाजारात वाटलं. ठेकेदाराची माणसं येऊन दोन काचा फोडून गेली. मग काय, पुढच्या आठवड्यात त्यानं दोन पानं छापली. ट्रेडल जाऊन घरामागं छोटी ऑफसेट मशीन आली, पण राग तोच राहिला. लोक म्हणाले, अंक मोबाईलवर टाकत जा की. तो म्हणाला, "मोबाईलवर टाकलेलं उद्या पुसता येतं. मी छापलेलं पुसून दाखवा."

आता एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सरकारी कामात नोटीस पेपरात छापावी लागते. टेंडर असो, जमिनीवरच्या हरकती असोत, लोकांना कळलं पाहिजे असा नियम आहे. पण नोटीस देणाऱ्याला बहुतेक वेळा ती कुणी वाचू नये असंच वाटत असतं. मग तो छोट्या पेपरवाल्याला गाठतो. पेपरवाला बाजारात जायचा अंक वेगळा काढतो आणि नोटीस असलेला वेगळा. नोटिशीचे चार-दोन अंक कचेरीच्या फायलीला लागतात, बाकी गावाला पत्ता नाही. याला म्हणतात फाईलचा अंक. नियम खूश, साहेब खूश, पेपरवाला खूश, आणि ज्याची जागा जायची तो घरी निवांत झोपलेला.

जिलानीनं हे कधी केलं नाही. आसपासच्या तालुक्यांतले संपादक त्याला हसायचे, तो त्यांना दलाल म्हणायचा आणि तोंडावर म्हणायचा. एकदा एकजण फाईलचा अंक काढून द्या म्हणून मिठाईचा पुडा घेऊन आला, तर त्यानं पुड्यासकट त्याला पायऱ्यांवरून खाली उतरवलं. "माझ्या पेपरात जे एका अंकात, तेच सगळ्या अंकांत." हे वाक्य तो इतक्या वेळा बोलला होता की गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची. जिलानीला दुसरं काही कमावता आलं नव्हतं. हे एवढं होतं, आणि ते त्याला पुरत होतं.

पण या गड्याची एक खोड होती. नोटिसा छापायचा सगळ्या अंकांत, पण स्वतः वाचायचा नाही. तिसरं पान नोटिसांचं. ते कचेरीतून जसं यायचं तसं मशीनवर चढायचं. नोटिशीच्या भाषेचा त्याला तिटकारा होता. "पहिलं पान माझं, तिसरं पान पोटाचं," असं तो फुशारकीनं सांगायचा. गावाला वाचत नाही म्हणून शिव्या देणारा माणूस स्वतःचा पेपर पूर्ण वाचत नव्हता. हे गावात एकाच माणसाच्या ध्यानात आलं होतं.

तो माणूस रेवणप्पा. सिमेंट-लोखंडाचं दुकान, गोड आवाज, आणि नगरपंचायतीचा नगराध्यक्ष. जिलानीचा शाळेतला सोबती. शाळेत असताना जिलानी मास्तरांशी भांडून छड्या खायचा आणि रेवणप्पा मास्तरांच्या घरी भाजी पोचवायचा. तेव्हापासून दोघांचं जमलं नाही.

जिलानी स्वतः नगरसेवक झाला तो लोकांच्या टोमण्यामुळं. नाल्यांवर इतकं लिहितोस तर ये की आत, असं कुणीतरी बाजारात म्हणालं आणि यानं तिरीमिरीत अर्ज भरला. निवडून आला, याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं. पुढं त्याला स्वच्छता सभापती केलं. सकाळी घंटागाडीच्या पुढं पुढं सायकलवरून जायचा आणि नालीत कचरा टाकणाऱ्या बायकांना हाका मारायचा, "वहिनी, ती नाली हाय, पेटी न्हाई." बायका पदराआड हसायच्या. पण नाल्या वाहत्या झाल्या, हे खरं.

सभागृहात मात्र त्याचं एक ठरलेलं होतं. चिडायचं, टेबलावर हात आपटायचा आणि सभात्याग करून निघून जायचं. मग आपल्याच पेपरात मथळा द्यायचा : सभापती जिलानी यांचा संतप्त सभात्याग. एका सभेत असंच झालं. घंटागाडीच्या डिझेलवरून मुख्याधिकारी काहीतरी खवचट बोलले आणि जिलानी खुर्ची सारून बाहेर पडला. रेवणप्पानं त्याची सायकल फाटकाबाहेर जाईपर्यंत वाट बघितली. मग ऐनवेळचे विषय काढले. एका जागेचं आरक्षण बदलायचा विषय होता, नुसता नंबर वाचला गेला, हात वर झाले, झालं.

ती जागा म्हणजे शाळेमागचं मैदान.

बाहेरच्या माणसाला ते मैदान दाखवलं तर तो म्हणेल, यात काय आहे. कडेला बाभळी, मध्ये खडे, एका कोपऱ्यात मोडकं गोलपोस्ट. पण पहाटे तिथं निम्मं गाव पळत असतं. पोलीस भरती, सैन्य भरती, वनरक्षक. शेतात काही राहिलं नाही, गावात कारखाना नाही, तेव्हा पोरापोरींनी पळायचं आणि भरती व्हायचं, एवढी एकच वाट आहे. पोरींना तर दुसरी जागाच नाही. रस्त्यावर पळालं की मोटारसायकलवाले मागं लागतात. मैदानावर सगळ्या मिळून पळतात, म्हणून घरचे पाठवतात.

त्यातली सगळ्यांत पुढं पळणारी धम्मप्रिया. लिंबाजी गवंड्याची आणि सुमनबाईची लेक. सुमनबाईचा बसस्टँडसमोर भज्यांचा गाडा. दोनदा भरतीला जाऊन धम्मप्रिया थोडक्यात हुकली होती, एकदा गोळाफेकीत आणि एकदा लेखीत. लेखीत हुकल्यापासून ती दिसेल ते वाचायची. आईच्या गाड्यावर रद्दीचा गठ्ठा असायचा, त्यात ‘मन्याड तडाखा’ भरपूर, कारण दुकानदार ते न उघडताच रद्दीत घालत. भजी बांधून देता देता ती रद्दी वाचायची. गावात जिलानीचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी ती एकटीच होती, आणि हे जिलानीला माहीतसुद्धा नव्हतं.

एका सकाळी ती छापखान्यात आली. पायात पळायचे बूट तसेच, बुटांना चुना लागलेला. मैदानावर माणसं येऊन चुन्यानं रेषा आखून गेली होती. तिच्या हातात एक अंक होता.

"चाचा, हे तुम्हीच छापलंय ना?"

जिलानीनं चष्मा लावला. पहिलं पान बघून त्याला बरंच वाटलं. त्याचाच अग्रलेख होता, ‘झोपलेल्या गावाला जाग कधी?’ जोरदार उतरला होता.

"हाव, माझाच हाय. वाचलास का?"

"तिसरं पान बघा."

तिसऱ्या पानावर खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, एका आरक्षणाचा नंबर होता. पुढं ‘क्रीडांगण’ असा शब्द होता, आणि त्यापुढं ‘वाणिज्य संकुल’. हरकती असल्यास दिलेल्या मुदतीत लेखी कळवाव्यात. मुदत आदल्याच दिवशी संपली होती. जिलानीनं ते दोनदा वाचलं. मग जे नेहमी होतं तेच झालं, तळपायाची आग मस्तकात गेली. पण या वेळी ओरडायला समोर कुणी नव्हतं.

"तुम्ही वाचलं न्हाई?" धम्मप्रियानं विचारलं.

त्यानं अंकाची घडी घातली.

"तुम्ही नगरसेवक हाव, चाचा. पेपर बी तुमचाच. आम्ही कुणाकडं बघायचं मग?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत जिलानी असा काही पेटला की शिपाई सिद्धलिंग दारातच थांबला. गावाला अंधारात ठेवून मैदान विकायला काढलंय, पोरींच्या पायाखालची जमीन चोरलीय, एकाला तरी कळवलं का, तो टेबलावर हात आपटून बोलत होता. रेवणप्पानं त्याला सगळं बोलू दिलं. मग फाईल उघडली, त्यातून एक अंक काढला आणि हलक्या हातानं जिलानीच्या पुढ्यात ठेवला.

"कळवलंय की, सभापती साहेब. रीतसर जाहीर केलंय. तुमच्याच पेपरात. वर तुमचा अग्रलेख बी हाय, लई भारी लिहिलंय, झोपलेल्या गावाला जाग कधी म्हणून."

सगळं सभागृह हसलं. मुख्याधिकारी हसले, विरोधातले हसले, दारातला सिद्धलिंग तोंड फिरवून हसला. जिलानी त्या दिवशी सभात्याग करायचंही विसरला. रेवणप्पानं नोटीस त्यालाच का दिली होती, हे त्याला तिथं खुर्चीत बसल्या बसल्या उमगलं. दुसऱ्या कुणाकडं दिली असती तर उद्या कुणीही म्हणालं असतं, हा फाईलचा अंक आहे, नोटीस खोटी. जिलानीच्या पेपराबद्दल तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्याचं आयुष्यभराचं इमान या भामट्यानं दोरीसारखं वापरलं होतं, आणि त्याच्याच हातानं मैदानाच्या गळ्यात अडकवलं होतं.

तक्रार वर गेली. ‘प्रसिद्धी झाली की नाही एवढंच तपासू, झाली असेल तर विषय संपला,’ असं वरून कळलं. जिल्ह्याहून एक साहेब येणार म्हणून दिवस ठरला.

आदल्या दुपारी धम्मप्रिया पुन्हा आली. गौसिया घड्या घालत होती, जिलानी मशीनला नुसताच फडका मारत होता.

"बाकीच्या पेपरवाल्यांसारखा तुम्ही फाईलचा अंक काढला असता तर बरं झालं असतं," धम्मप्रिया कडू तोंडानं म्हणाली. "निदान नोटीस रद्द तरी झाली असती. तुमच्या इमानदारीनं आमचं वाटोळं केलं."

ती रागात बोलून गेली. पण जिलानीचा हात मशीनवर थांबला. त्यानं फडका खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "तो अंक कुठाय?"

"गाड्यावर. दुकानदारांची सगळी रद्दी तिथंच येती, अजून दोनचार असतील."

"सगळे जाळ. अन् तुझ्याकडचा बी."

धम्मप्रियाला कळायला वेळ लागला. गौसियाला लागला नाही. तिनं हातातली घडी खाली ठेवली.

"लोकां क्या बोलेंगे जी?"

"तेच तर म्हणायलो मी," जिलानी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा काळजी आली. "कुणी इस्वास ठेवणार न्हाई ना. मी फाईलचा अंक काढला म्हणलं की किराणावाला चंद्रप्पा उठंल, म्हणंल, गप बस, तू असलं करणारा न्हाईस. ट्रेझरीतला तो रविकिरण उठंल. साऱ्या गावाला माझं ठाऊक हाय. एकानं जरी म्हणलं ना, की जिलानीभाई खोटं बोलायलेत, तर साहेबाला शंका यील. सगळं मुसळ केरात."

म्हणजे बघा. उद्या आपली अब्रू जाणार याची त्याला धास्ती नव्हती. ती जाता जाणार नाही, याची धास्ती होती. त्या दुपारी बसून त्यानं उत्तरं तयार केली. चंद्रप्पा असं म्हणाला तर काय म्हणायचं, रविकिरण तसं म्हणाला तर काय म्हणायचं. घर चालत नव्हतं म्हणायचं. एकदाच मोह झाला म्हणायचं. गौसिया ऐकत होती आणि घड्या घालत होती. तिनं त्याला अडवलं नाही. धम्मप्रिया गाड्याकडं निघाली.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. पळणारी पोरंपोरी भिंतीला लागून उभी होती, व्यापारी खुर्च्यांवर होते. साहेब शांत माणूस होता. त्यानं कार्यालयातला अंक उलटा-सुलटा करून बघितला आणि जिलानीला विचारलं, "प्रकाशक तुम्हीच ना? ही नोटीस बाजारात गेलेल्या सगळ्या अंकांत होती?"

जिलानी उभा राहिला.

"न्हाई साहेब. हा फाईलचा अंक हाय. कचेरीपुरते चारच काढले. बाजारात गेला तो वेगळा."

आणि मग तो थांबला. त्यानं समोर बघितलं, चंद्रप्पाकडं, रविकिरणकडं, ज्यांच्या घरच्या पत्रिका छापल्या त्या सगळ्यांकडं. तयार केलेली उत्तरं ओठांवर घेऊन तो उभा होता.

"वाटलंच होतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"सगळे सारखेच. मोठा आला होता आम्हाला शिकवणारा."

चंद्रप्पा किराणावाला उठला. जिलानीनं मान ताठ केली. चंद्रप्पा म्हणाला, "बरोबर हाय साहेब. माझ्या दुकानात दर आठवड्याला अंक येतो. असली नोटीस मी तर कधी बघितली न्हाई."

घडी उघडली असतीस तर बघितली असतीस, हे वाक्य जिलानीच्या दातांपर्यंत आलं. त्यानं ते गिळलं. इतकं कडू त्यानं आयुष्यात काही गिळलं नव्हतं. रविकिरण तर शेजाऱ्याच्या कानाशी लागून हसत होता. अख्ख्या सभागृहात एका माणसालाही नवल वाटलं नाही. एकाच्याही कपाळावर आठी पडली नाही. इतकी वर्षं उन्हातान्हात सायकल मारत यांच्या दारात अंक टाकला, यांच्या नाल्या काढल्या, यांच्यासाठी काचा फोडून घेतल्या, आणि हे लोक जणू वाटच बघत होते की हाही चोर निघावा.

"खोटं बोलायलाय ह्यो."

आवाज पुढून आला. रेवणप्पा उभा राहिला होता. त्याचा तो गोड आवाज कुठल्या कुठं गेला होता, चेहरा लाल झाला होता.

"साहेब, मी ह्याला लहानपणापासून ओळखतो. हा तोंडाचा फाटका हाय, डोक्याचा तापट हाय, पण फाईलचा अंक काढणारा न्हाई. मरंल, पण काढणार न्हाई. म्हणून तर नोटीस ह्याच्याकडं दिली."

"म्हणून तर म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

रेवणप्पानं जीभ चावली. सभागृहात हशा पिकला. लोकांना वाटलं, नगराध्यक्ष अडकला म्हणून सारवासारव करायलाय.

"बाजारातला एक तरी अंक आणा," रेवणप्पा ओरडला. "सिद्धलिंग, जा, सुमनबाईच्या गाड्यावर रद्दी असती." सिद्धलिंग पळत गेला आणि हात हलवत परत आला. सुमनबाई म्हणाली होती, तेवढाच अंक न्हाई बघा, भज्यांना गेला. भिंतीपाशी उभी असलेली धम्मप्रिया खाली बघत होती.

साहेबांनी जिलानीकडं नीट बघितलं. "तुम्ही काय सांगताय ते कळतंय ना तुम्हाला? जबाब लिहून घेणार आहे मी. नगराध्यक्ष म्हणताहेत, तुम्ही असं करणारे नाही."

जिलानी रेवणप्पाकडं वळला. दोघांची नजर भेटली. शाळेपासूनचं वैर होतं, आणि जन्मात पहिल्यांदा हा माणूस त्याच्याविषयी खरं बोलत होता.

"करणारा हाय," जिलानी म्हणाला. "केलंय. लिहा."

नोटीस रद्द झाली. नवी नोटीस मोठ्या पेपरात, ठळक अक्षरांत आली. या वेळी गावानं ती वाचली, कारण भांडणाची गोडी लागली होती. हरकतींचा ढीग पडला, वर निवडणूक जवळ आली, आणि मैदानाचं आरक्षण जसंच्या तसं राहिलं. चुन्याच्या रेषा पळणाऱ्या पायांखाली पुसून गेल्या.

जिलानीचं मग जे व्हायचं ते झालं. सभापतिपद काढून घेतलं. पेपर नोटिसांच्या यादीतून बाद झाला; तिसरं पान गेलं आणि त्याच्यामागं बाकीची तीनही गेली. गल्लीतली पोरं आता वेगळी नक्कल करतात. गाव त्याला ‘फाईलवाले’ म्हणतं. परवा एकजण लग्नाची पत्रिका छापायला द्यायला आला आणि दात काढत म्हणाला, "पत्रिका तेवढ्या सगळ्या छापा बरं का भाई, फाईलपुरत्या नको." जिलानीनं त्याच्या हातातला मजकूर परत त्याच्या खिशात कोंबला आणि दार दाखवलं. ज्या मैदानासाठी हे केलं त्या मैदानावर पळणारी पोरंसुद्धा तो दिसला की आपसात बघून हसतात. त्यांचा काय दोष, असं गौसिया म्हणते. जिलानीला दोष काढायची सवय आहे, त्यामुळं त्याला ते पटत नाही.

धम्मप्रिया मध्ये एकदा रडवेली होऊन आली. म्हणाली, मला हे सहन होत न्हाई, मी सांगून टाकते सगळ्यांना. तो तिच्यावर असा खेकसला की शेजारची माणसं दारात आली. "सांगितलंस की ते परत रेषा मारायला येतील. पळ. तुला पळायला ठेवलंय ते, बोलायला न्हाई." ती गेली. अजून पळते. या खेपेला लेखी पेपर चांगला गेलाय म्हणतात.

आणि मागच्या आठवड्यात रेवणप्पा आला. निवडणुकीत आपटला होता, जरा वाळलेला दिसत होता. लेक शिवकांताचं लग्न ठरलं होतं. हातात पत्रिकेचा मजकूर.

"नांदेडला चकचकीत मिळतात की," जिलानी वर न बघता म्हणाला.

"मिळतात. पण नावं चुकवतात. इथं चुकत न्हाईत."

जिलानीनं कागद घेतला. गौसियानं पाणी आणून ठेवलं. रेवणप्पा पाणी प्याला, पेला खाली ठेवला आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "आता तर माझ्या हातात काय बी न्हाई. एकदा सांग. सगळ्या अंकांत होती ना?"

जिलानी कागदावरचं एकेक अक्षर वाचत होता. हल्ली तो सगळंच वाचतो.

"मोठ्या मामाचं नाव वर घालायचं का धाकट्याचं?" त्यानं विचारलं.

रेवणप्पानं पेला बाजूला सारला. "मोठ्याचं," म्हणाला आणि उठून गेला.

तो गल्लीच्या वळणापलीकडं गेल्यावर जिलानीनं चष्मा काढून टेबलावर आपटला. "एवढं गाव भरलंय माणसांनी," तो गौसियावर ओरडला, जणू तिनंच ते भरलं होतं. "एवढ्या माणसांत एकाला वाटलं, मी असलं करणार न्हाई म्हणून. एकाला. अन् तो बी ह्योच निघावा?"

गौसियानं चष्मा उचलला, पदरानं पुसला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. रेवणप्पाच्या लेकीची पत्रिका अजून वाचायची राहिली होती.